मिनिटाला तेरा

एर्मेलिंदाचं गणित म्हणत होतं, मिनिटाला अकरा.
ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावरच्या फळ्यावर
तिने तो आकडा चौकटीत बसवला होता
आणि झाडणाऱ्या बाईसाठी खाली लिहिलं होतं: पुसू नये.

मी रिवणला, मँगनीजच्या बंद खाणीत, जुन्या पंपघरात,
डोक्यावर चाळीस मीटर डोंगर घेऊन बसलेलो.
माझ्याकडे दोन पाट्या, एकीवर एक,
उजेड शिरू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेल्या.
वरून म्युऑन येतात, कुठल्या तरी ताऱ्याचा चुरा
हवेवर आपटून झालेला आणखी बारीक चुरा.
दोन्ही पाट्यांनी एकाच क्षणी हुंकार भरला
तरच आम्ही एक मोजतो.
एकटीच्या साक्षीला आमच्यात किंमत नाही.

माझा आकडा तेरा आला.

एर्मेलिंदा फोनवर म्हणाली, कागद फाटला असेल, उजेड गळतोय.
मी गुंडाळी बदलली. तेरा.
म्हणाली, दमट हवा. कुशावती किती जवळ आहे तुला.
मी सिलिका जेल पोदेराच्या भट्टीत भाजून आणलं,
त्याने माझ्याकडून बारा पावांचे पैसे घेतले.
तेरा.
केबल बदलल्या, पाट्यांची अदलाबदल केली,
एक उंदीर मारला, तो निर्दोष निघाला.
सात आठवडे.

मग एका रात्री तिचा आवाज एकदम हळू झाला.
खडक आपण समजतो तेवढी ऊर्जा खातच नसेल तर?
समीकरणातच एखादं पद सुटलेलं असेल तर?
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर तिला कळलं असतं
की मीही तोच विचार करत होतो,
आणि माझं नाव आधी यावं की तिचं, हासुद्धा.
सकाळपर्यंत तिने अकरा पानं लिहिली होती.

पुरसो गांवकर राखण करतो, उचलून नेलेल्या पंपांची.
डबा उघडता उघडता त्याने विचारलं, जास्तीचे येतात कुठून?
हे आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं.
पाट्या तिरक्या केल्या, चारी दिशांना आठवडा आठवडा ठेवल्या.
जास्तीचे सगळे नैऋत्येकडून.

पुरसोने पडद्याकडे पाहिलंही नाही.
म्हणाला, थंय पोकळ आसा.

नकाशात नव्हतं. नकाशात डोंगर भरीव होता,
खाली पोर्तुगीज सरकारचा शिक्का.
बोगदा कागदावर आला असता तर कर द्यावा लागला असता,
म्हणून तो कागदावर कधी खणलाच नाही.
पुरसोचा बाप तिथे टोपल्या भरायचा, टोपलीमागे पैसे.
मग तो बोगदा बसला.
आत किती जण होते, मी विचारलं.
त्याने बोटं मोजायला घेतली, चौथ्यावर थांबला
आणि लोणच्याची फोड उचलली.

एर्मेलिंदाने त्या एका बाजूचा खडक कमी केला.
बारा पूर्णांक नऊ, ती म्हणाली.
नंतर बराच वेळ फोनमध्ये पंख्याचा आवाज येत राहिला.
ती अकरा पानं तिने फाडली नाहीत,
पाठकोऱ्या बाजूवर बाजाराची यादी लिहिते.

आता निबंध चार पानांचा आहे.
पोकळीची लांबी आहे, उंची आहे,
दोन्हींपुढे अधिक उणे अर्धा मीटर.
पुरसोचं नाव तिसरा लेखक म्हणून घालूया, हे तिचंच म्हणणं.
पुरसोला विचारलं तर म्हणाला, माझं कशाला, बापाचं घाला,
आत तो गेला होता.

टाकलं. बाबलो गांवकर.
त्याच्यापुढे रकाना आहे: संस्था, विभाग, पत्ता.
मी तीनदा रिकामा सोडून पाहिला.
रिकामा सोडला की अर्ज पुढे सरकत नाही.